आंबा तोडल्यावरही श्वास घेतो : पेशींतील साखरेचे ज्वलन आणि बागायतदाराचा नफा-तोटा

अढीत घातलेल्या आंब्यांमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात घातला तर पेंढ्याखाली ऊब लागते. रहू पेरणीसाठी भाताचे बियाणे भिजवून गोणपाटात दडपून ठेवले की दुसऱ्या दिवशी गोणी बाहेरून गार, पण आत चांगलीच गरम असते. ही ऊब कोकणातील प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. ती पेंढ्याची किंवा गोणपाटाची नव्हे. फळातील आणि दाण्यातील प्रत्येक जिवंत पेशी साखर जाळत असते, तिचीच ही उष्णता.

फळ झाडावरून उतरले म्हणजे ते मेले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात देठ तुटल्यावर फक्त पुरवठा तुटतो. झाडाकडून येणारे पाणी व अन्नरस बंद होतात, पण पेशींचे काम चालूच राहते. फळाला आता स्वतःजवळच्या शिलकेवर जगावे लागते. ही शिलक किती वेगाने खर्च होते यावर आंबा वाशीच्या बाजारात घट्ट पोहोचणार की मऊ, आणि पिकल्यावर गोड लागणार की पाणचट, हे ठरते. म्हणून श्वसन म्हणजे काय हे बागायतदारांनी थोडे मुळापासून समजून घेणे फायद्याचे आहे.

आग आणि श्वसन

चुलीत लाकूड जळते तेव्हा त्यातील कार्बनी पदार्थांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. कार्बन डायऑक्साईड वायू व पाण्याची वाफ बाहेर पडते आणि उष्णता मिळते. पेशीत ग्लुकोज साखरेचे शेवटी हेच होते. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळाले की सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते, मग ते चुलीत जळो किंवा आंब्याच्या गरात. फरक रीतीचा आहे. चुलीत सगळी ऊर्जा एकदम बाहेर पडते. पेशीत तसे झाले तर पेशी करपून जाईल. म्हणून पेशी हे काम अनेक लहान पायऱ्यांनी करते. प्रत्येक पायरीसाठी वेगळे विकर म्हणजे एन्झाइम असते, आणि मोकळी झालेली ऊर्जा ए.टी.पी. नावाच्या पदार्थात थोडी थोडी साठवली जाते.

ए.टी.पी. म्हणजे पेशीतील सुटे पैसे. जवळच्या फाट्याला उतरणाऱ्याने एस.टी.च्या कंडक्टरपुढे पाचशेची नोट धरली तर अडचण होते. ग्लुकोज ही तशी मोठी नोट आहे. पेशीला रंगद्रव्य तयार करायचे असो, प्रथिने बनवायची असोत किंवा पेशीच्या आवरणातून क्षार आत घ्यायचे असोत, प्रत्येक काम ती या सुट्या पैशांत करते. हा पदार्थ १९२९ मध्ये जर्मनीत लोमान यांनी आणि अमेरिकेत फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. सुब्बाराव हे १८९५ मध्ये आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले आपले भारतीय शास्त्रज्ञ. जगातील जीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात ए.टी.पी. असते, पण आपल्याकडे त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

साखर फुटते कशी

पहिला टप्पा पेशीद्रवात होतो. सहा कार्बन अणूंच्या ग्लुकोजचे दोन तुकडे होऊन तीन-तीन कार्बनचे पायरुविक आम्ल तयार होते. यासाठी दहा पायऱ्या लागतात. सुरुवातीला पेशीला पदरचे दोन ए.टी.पी. घालावे लागतात, पुढे चार मिळतात. निव्वळ कमाई दोनची. या टप्प्याला प्राणवायू लागत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

दुसरा टप्पा पेशीतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म कणांत होतो. तेथे पायरुविक आम्लातील एक कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि उरलेला दोन कार्बनचा तुकडा चार कार्बनच्या एका आम्लाला जोडला जाऊन सहा कार्बनचे सायट्रिक आम्ल बनते. त्यातून दोन कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साईडच्या रूपाने सुटतात व चार कार्बनचे मूळ आम्ल परत मिळते. ते पुढचा तुकडा घेण्यास मोकळे होते. वेंगुर्ले-मालवणकडच्या जुन्या विहिरींवरचा रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चक्र समजण्यास अडचण पडू नये : लोटा भरतो, वर येऊन रिता होतो आणि रिता लोटा पुन्हा खाली जातो. हान्स क्रेब्ज यांनी इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९३७ मध्ये हे चक्र मांडले व त्यासाठी त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे प्रयोग कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर होते, पण चक्र तेच आंब्यात, भातात आणि आपल्या शरीरातही चालते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. कैरीची आंबट चव मुख्यतः या सायट्रिक आम्लाचीच असते. कच्च्या फळात ते साठून राहते आणि फळ पिकताना याच चक्रात खर्ची पडते. म्हणजे हापूस पिकताना आंबटपणा 'गोड होतो' असे आपण म्हणतो तेव्हा घडतात दोन वेगळ्या गोष्टी : पिठूळ स्टार्चची साखर होते आणि आम्ल जळून जाते. (रातांब्याची आंबट चव हायड्रॉक्सी-सायट्रिक आम्लाची, म्हणजे याच्याच भावंडाची.)

तिसऱ्या टप्प्यात, या चक्रातून गोळा झालेला हायड्रोजन शेवटी प्राणवायूशी मिळून पाणी बनतो आणि ए.टी.पी.ची खरी मोठी कमाई होते. तिन्ही टप्पे मिळून एका ग्लुकोजपासून सुमारे ३० ते ३२ ए.टी.पी. मिळतात. जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ आकडा दिलेला असतो. नंतरच्या मोजमापांनी तो कमी झाला आहे. हिशेब केला तर ग्लुकोजमधील ऊर्जेचा सुमारे एक-तृतीयांश भाग ए.टी.पी.त जातो. बाकीचा उष्णता म्हणून लगेच बाहेर पडतो, आणि ए.टी.पी. खर्च झाल्यावर त्यातीलही बराचसा शेवटी उष्णताच होतो.

एक टन हापूसचा हिशेब

आंबा हे तोडल्यावर पिकणाऱ्या फळांपैकी आहे. चौदा आणे तयार झालेला हापूस तोडला की पहिले काही दिवस त्याचे श्वसन मंद असते. मग फळात इथिलीन वायू तयार होऊ लागतो आणि श्वसनाचा वेग एकदम वाढून शिखर गाठतो. याच काळात रंग, वास व गोडी येते. हे सर्व घडवायला ए.टी.पी. लागतात, म्हणून भट्टी जोरात चालते. शिखरानंतर फळ उतरणीला लागते.

हा वेग मोजता येतो. १३ अंश सेल्सिअस तापमानास एक किलो आंबा ताशी सुमारे १५ ते २२ मिलिलिटर कार्बन डायऑक्साईड सोडतो. २० अंशांना हाच आकडा ३५ ते ८० होतो. सर्वसाधारणपणे तापमान १० अंशांनी वाढले की श्वसन दुप्पट ते अडीचपट होते असे धरावे.

आता २० अंशांना ५० मिलिलिटर हा मधला आकडा घेऊन एक टन आंब्याचा, म्हणजे पाव किलोच्या सुमारे चार हजार फळांचा हिशेब करू. दिवसाला १२०० लिटर वायू बाहेर पडतो. त्यासाठी जवळजवळ दीड किलो साखर जळते आणि सुमारे ५,७०० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. ही उष्णता बाहेर जाऊच दिली नाही तर एक टन फळांचे तापमान एका दिवसात सहा-सात अंशांनी चढेल. तापमान चढले की श्वसन वाढते, श्वसन वाढले की आणखी उष्णता. ढिगाच्या मधली फळे कडेच्या फळांच्या दोन दिवस आधी का पिकतात आणि आधी का कुजतात, याचे उत्तर येथे आहे.

दीड किलो साखर गेली तर टनामागे फार नुकसान नाही असे कोणी म्हणेल. वजनाची मोठी तूट साखरेची नसून पाण्याची असते हे खरे. परंतु ५,७०० किलोकॅलरी उष्णतेत नऊ-दहा किलो पाण्याची वाफ करण्याची ताकद आहे. सुरकुतलेली साल आणि तराजूवर कमी भरलेली पेटी यांच्या मुळाशी पुष्कळदा हीच भट्टी असते.

हा हिशेब २० अंशांचा होता. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर मे महिन्यात रात्रीही एवढा गारवा मिळत नाही, आणि ताडपत्री घट्ट बांधलेल्या गाडीत तापमान ३० अंशांच्या पुढे सहज जाते. तेथे वरील आकडे दुप्पट धरावे लागतील. देवगडहून वाशी हा सुमारे चारशे किलोमीटरचा प्रवास आहे. म्हणून गाडीत चढण्यापूर्वी फळात किती उष्णता भरली आहे याला महत्त्व येते. दुपारी एक वाजता तोडलेला आणि कातळावर रास करून ठेवलेला आंबा दिवसाचे ऊन पोटात घेऊनच पेटीत बसतो. सकाळी १० वाजेपर्यंत किंवा उन्हे उतरल्यावर तोडणी करावी, फळे नूतन झेल्याने देठासह काढावीत, लगेच सावलीत आणून एक-दोन थरांत पसरावीत आणि रात्रीच्या गारव्यात पेट्या भराव्यात, ही शिफारस जुनी आहे. तिच्याकडे मजुरीच्या कारणाने दुर्लक्ष होते, हे समजण्यासारखे असले तरी परवडणारे नाही. देठ तुटून चीक सांडलेले किंवा आपटलेले फळही जास्त वेगाने श्वसन करते. इजा झालेली पेशी डागडुजीसाठी अधिक साखर जाळते, शिवाय इथिलीन सोडून शेजारच्या फळांना घाईला लावते. असे एक फळ पेटीत गेले की सारी पेटी लवकर पिकते.

खोक्याला भोके असतात ती या उष्णतेसाठी व वायूसाठी. ती बाजूच्या खोक्याने किंवा आतल्या कागदाने बुजवली तर त्यांचा उपयोग शून्य. आपल्या अढीतील पेंढ्याची योजनाही शहाणपणाची आहे. पेंढ्यामुळे फळे एकमेकांना चिकटत नाहीत, थरांत हवा खेळते आणि तरीही इथिलीन व थोडी ऊब टिकून राहते. मात्र अढी दोन-तीन थरांपलीकडे चढवली की ती ढीगच होते.

शीतगृहात ठेवायचे असल्यास हापूस सुमारे १३ अंशांवर ठेवावा. 'जितके थंड तितके चांगले' हा नियम आंब्याला लागू नाही. त्याहून बरेच खाली तापमान गेले की पेशींची आवरणे बिघडतात. फळ बाहेर काढल्यावर सालीवर करडे डाग पडतात आणि ते नीट पिकत नाही.

कार्बाईडने काय बिघडते

कॅल्शियम कार्बाईडला ओल लागली की असिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची दुबळी नक्कल करतो. साल पिवळी पडते, पण आतल्या स्टार्चची साखर होण्याचे व आम्ल जळण्याचे काम त्या प्रमाणात पुरे होत नाही. म्हणून असा आंबा दिसायला पिकलेला आणि खायला फिका लागतो. शिवाय बाजारी कार्बाईडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसयुक्त विषारी अंश असतात. अन्न सुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनी कार्बाईडने पिकवलेल्या फळांच्या विक्रीस बंदी आहे. त्याऐवजी पिकवण कक्षात दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे. इथिलीन हा फळ स्वतः बनवते तोच वायू असल्याने आतली सर्व कामे क्रमाने होतात. मात्र कक्षात फळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साईड साठला तर तो इथिलीनच्या कामात अडथळा आणतो. त्यासाठी कक्ष ठरावीक वेळाने उघडून हवा बदलावी लागते. फळ तयार नसताना तोडले असेल तर कोणताही वायू त्याला गोडी देऊ शकत नाही. जी शिलक आत नाही तिची साखर होणार कोठून?

साक्याविषयी येथे थोडक्यात. साका ही हापूसची मोठी डोकेदुखी असून तिचा उष्णतेशी संबंध आहे, हे तापलेल्या जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास प्रमाण घटते यावरून दिसून आले आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील अभ्यासात बाठ्याकडे लक्ष वेधले गेले : फळ झाडावर जास्त दिवस राहिले की आतला बाठा रुजण्याची तयारी करू लागतो आणि गरातील पाणी व अन्न ओढतो. फळ पूर्ण सोळा आणे होईपर्यंत झाडावर ठेवू नये, या अनुभवाला त्यामुळे आधार मिळतो. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये दिलेल्या रत्ना या संकरित जातीत साका नाही.

हवा कोंडली तर

पहिल्या टप्प्याला प्राणवायू लागत नाही हे वर सांगितले. हवा मिळेनाशी झाली की पुढचे दोन्ही टप्पे थांबतात आणि पेशी केवळ पहिल्या टप्प्यावर तग धरते. पायरुविक आम्लाचे मग अल्कोहोल व कार्बन डायऑक्साईड होते. मिळकत ३० ऐवजी अवघे दोन ए.टी.पी. तेवढ्याच कामासाठी पंधरा पट साखर फुंकावी लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेल्या आंब्याला दोन दिवसांनी दारूसारखा वास येतो तो यामुळे.

यीस्टचे म्हणजे किण्वाचे आयुष्यच या मार्गावर चालते. माडावरून सकाळी उतरवलेला गोड रस दुपारपर्यंत फेसाळतो आणि माडी होतो. मडक्याला आतून चुना लावला तर तो काही काळ गोड राहतो, कारण चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात किण्वाचे काम चालत नाही. १८० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर हिशेबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल व ८८ ग्रॅम वायू मिळतो. हा वायू हवेपेक्षा जड असून टाकीत तळाशी साठतो; आंबवण्याच्या टाकीत डोके घालून वास घेण्याची सवय जिवावर बेतू शकते.

काजूच्या बोंडूंचे नुकसान याच कारणाने होते. बोंडूचे वजन बीच्या सहा ते आठ पट असते आणि रसात साधारण १० टक्के साखर असते. एक किलो काजूबी घरी आली की तिच्यामागे अर्धा ते पाऊण किलो साखर बागेत पडून राहिली असे समजावे. गोव्यात या बोंडूंची फेणी होते व तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सीमेच्या अलीकडे आपल्या जिल्ह्यात मात्र बहुतेक बोंडू झाडाखाली आंबून माश्या घोंघावतात. सरबत किंवा सिरप करायचे असेल तर घड्याळाकडे पाहून काम करावे लागते. साल फुटलेल्या बोंडूत किण्व शिरायला काही तासच पुरतात. जमिनीवर रात्रभर पडलेले बोंडू घेऊ नयेत; सकाळी गोळा केलेले त्याच दिवशी धुऊन पिळावेत, शिजवलेल्या साबुदाण्याच्या पेजेने तुरटपणा खाली बसवावा आणि गाळलेल्या रसाला लगेच उष्णता द्यावी. सकाळच्या रसाला संध्याकाळी उष्णता दिली तर किण्व मरते, पण गेलेली साखर परत येत नाही.

मुळांनाही श्वसन करावे लागते, आणि ते पानांतून आलेल्या साखरेवरच चालते. भाताच्या रोपात हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असल्याने ते चिखलात सुखाने राहते. आंबा, काजू यांना ही सोय नाही. कातळात सुरुंग लावून घेतलेल्या खड्ड्यात माती भरून कलम लावतात, तेव्हा खड्डा म्हणजे दगडी हौदच असतो. जून-जुलैत त्यात पाणी तुंबले की मातीतली हवा निघून जाते, मुळे दोन ए.टी.पी.वर येतात आणि भर पावसात पाणी असूनही कलमाची पाने पिवळी पडतात. पाने पिवळी दिसली की खत टाकण्याची घाई होते. अशा वेळी खताचा उपयोग नसतो, कारण क्षार आत ओढायलाही मुळाला ए.टी.पी.च लागतात. आधी पाणी काढावे. खड्डा घेतानाच उताराच्या बाजूने कातळ फोडून तळाच्या पातळीपर्यंत चर काढावा. जुन्या खड्ड्यांना तो नसेल तर मे अखेर, माती कोरडी असताना, काढून घ्यावा आणि दगडगोट्यांनी भरावा.